मीटर काढणारा हात निविदेत कुठे आहे?

वीजजोडणीच्या कामात मुरलेल्या कुणाचीही अवजारांची पिशवी उघडून बघा. एखाद्या पकडीच्या जबड्याला, एखाद्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला एक छोटा खळगा हमखास सापडतो. टाचणीच्या डोक्याएवढा, कधी त्याहून बराच मोठा. कडा गोल झालेल्या, आत निळसर-काळी झाक. तिथलं पोलाद झिजलेलं नसतं, वितळून उडालेलं असतं. मालकाला विचारलं तर तो हसतो, "एकदा जरा टच झालं होतं" म्हणतो आणि पक्कड परत पिशवीत टाकतो. तिच्यावर त्याचा राग नसतो. उलट माझ्या अनुभवात अशी डागाळलेली पक्कड माणसं जास्त जपतात.

त्या "जरा टच" मध्ये काय झालं असेल ते मात्र कुठल्याच नोंदवहीत सापडत नाही. माणूस भाजला नाही, पुरवठा खंडित झाला नाही, म्हणजे काही झालंच नाही. मीटर बसवण्या-काढण्याच्या कामात असे न घडलेले अपघात रोज घडत असतात. आणि आपण जेव्हा मीटरविषयी बोलतो, तेव्हा तो किती अचूक मोजतो, किती हुशार आहे, आकडे दूरवर कसे पाठवतो, यावर बोलतो. तो भिंतीवरून उतरवताना माणसाच्या हातात नेमकं काय असावं, हा प्रश्न कुणाला सार्वजनिक वाटत नाही. मला वाटतो. मीटरची खरेदी जिथे ठरते तिथेच तो काढायचं-बसवायचं अवजारही ठरलं पाहिजे, आणि ज्या मीटरला तसं अवजार नाही तो मीटर विकत घेऊ नये, असं माझं म्हणणं आहे.

हे टोकाचं वाटत असेल तर आधी मीटरची जागा समजून घ्यायला हवी. घरातल्या बटणावर, पंख्यावर, अगदी वितरण पेटीतही काम करताना मागे एक ब्रेकर उभा असतो. हात चुकला तर तो पडतो. मीटरच्या येणाऱ्या बाजूला तसा पहारेकरी बहुधा नसतो. असलाच तर एक फ्यूज असतो, आणि अनेक रचनांत तोही थेट ट्रान्सफॉर्मरच्या उच्चदाब बाजूला. थोडं गणित मांडतो. ५० केव्हीएचा, एक-फेज, २४० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर धरा. पूर्ण भाराला तो साधारण २०८ अँपिअर देतो. त्याचा इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा त्याचा स्वतःचा अडथळा, २ टक्के असेल, तर त्याच्या तोंडाशीच शॉर्टसर्किट झाल्यावर प्रवाह १०,००० अँपिअरच्या वर जातो. मीटरपर्यंतच्या तारेत थोडा कमी होतो, तरी हजारांतच राहतो. आता हाच दोष ७,२०० व्होल्टच्या बाजूने पाहा. तिथे व्होल्टेज ३० पट जास्त, म्हणून प्रवाह ३० पट कमी. वरच्या फ्यूजला दिसतात जेमतेम साडेतीनशे अँपिअर. तो फ्यूज ट्रान्सफॉर्मर वाचवायला बसवलेला असतो, मीटरसमोर उभ्या माणसाला वाचवायला नव्हे, त्यामुळे तो सावकाश विचार करून जळतो. त्या सावकाशीत मीटरच्या पेटीत आर्क, म्हणजे हवेतून जाणाऱ्या विजेची ज्वाळा, पेटलेली असते.

शॉक आणि आर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या धंद्यातही उशिरा मान्य झालं. राल्फ ली या अभियंत्याने १९८२ साली आर्कच्या भाजण्याचं गणित मांडलं, तोवर विजेचा धोका म्हणजे अंगातून जाणारा प्रवाह असंच समीकरण होतं. आर्कमध्ये प्रवाह अंगातून जायची गरजच नाही. हवा वाहक होते, तांबं वाफ होतं, आणि ती वाफ समोर जे असेल त्यावर येते. समोर चेहरा असतो. उघड्या कातडीवर दर चौरस सेंटिमीटरला १.२ कॅलरी एवढी उष्णता पडली की दुसऱ्या दर्जाचं भाजणं सुरू होतं, असा हिशेब आता सर्वत्र धरतात. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट केलं तर उष्णता साधारण चौथाई होते. मीटर मात्र मोकळ्या हवेत नसतो, एका बाजूने उघड्या पेटीत असतो, आणि ती पेटी ज्वाळा गोळा करून नेमकी पुढे फेकते. त्यामुळे हातभर मागे सरकल्याचा फायदा अपेक्षेपेक्षा कमी मिळतो.

न्यायाने हेही सांगितलं पाहिजे की प्रत्येक मीटर बॉम्ब नसतो. कमी व्होल्टेजला आर्क टिकत नाही, बहुधा एक आवाज करून विझते. आर्कच्या हिशेबाचं आयईईई १५८४ हे जे मार्गदर्शक आहे, त्याची २०१८ ची आवृत्तीही म्हणते की २४० व्होल्ट किंवा त्याखालच्या तीन-फेज यंत्रणेत शॉर्टसर्किट प्रवाह २,००० अँपिअरहून कमी असेल, तर आर्क टिकून राहण्याची शक्यता कमी. ४८० व्होल्टला ती टिकते, आणि चांगलीच टिकते. अडचण अशी की भिंतीवरचे दोन्ही मीटर बाहेरून सारखेच दिसतात.

मीटर बसवण्याच्या जगात ढोबळमानाने दोन रचना आहेत. उत्तर अमेरिकेत १९३० च्या दशकापासून रुळलेली एक. गोल मीटर, पाठीला तांब्याची पाती, आणि भिंतीवरच्या पेटीत ती पाती घट्ट धरणारे स्प्रिंगचे चिमटे. मीटर ढकलला की लागला, ओढला की निघाला. बाकी बऱ्याच जगात दुसरी रचना आहे. चौकोनी मीटर, खालच्या बाजूला टर्मिनल, तारा आत घालून स्क्रू आवळायचे. पहिल्या रचनेचं कौतुक वेगासाठी होतं. पण "ओढला की निघाला" हे वाक्य नव्या चिमट्यांबाबत खरं आहे. वीस-तीस वर्षं ऊन-पाऊस खाल्लेल्या पेटीत पाती चिमट्याला धरून बसलेली असतात. माणूस दोन्ही हातांनी मीटर पकडतो, डावी-उजवीकडे हलवतो, मग वैतागून हिसका देतो. हिसक्याने मीटर तिरका सुटतो आणि एखादं पातं पेटीच्या लोखंडी भिंतीला लागतं. त्याहून भीती वाटते ती चिमट्यामागच्या ठोकळ्याची. हा विद्युतरोधक ठोकळा आतून तडकलेला असला तर मीटरबरोबर जिवंत चिमटाच उपटून हातात येतो. अर्थिंग केलेली पेटी चार बोटांवर असते, आणि मागे ट्रान्सफॉर्मर.

यासाठीच मीटर ओढायचं अवजार निघालं. अगदी साधं. दोन बाहू मीटरच्या गोल कडेला रबरी गाद्यांनी धरतात, एक टेकू पेटीच्या कडेवर बसतो, लांब दांडा हळूहळू दाबला की मीटर सरळ रेषेत, टप्प्याटप्प्याने बाहेर येतो. काहींना मधे पारदर्शक ढाल असते. काहींचा दांडा इतका लांब, की माणूस बाजूला उभा राहून ओढू शकतो, आणि दोरीने दुरून ओढायचे प्रकारही आहेत. या अवजाराचं खरं काम जोर वाढवणं नाही, हिसका काढून टाकणं आहे. सरळ निघणारं पातं भिंतीला लागत नाही.

तरी या अवजाराची भक्ती करायला मी सांगणार नाही. दांडा हातातली जाणीव काढून घेतो. अनुभवी माणसाला नुसत्या हाताने मीटर हलवताना कळतं की मागे काहीतरी सैल आहे, "हा काही बरोबर येत नाहीये." दांड्याला ते कळत नाही, तो ठोकळ्यासकट उपटून आणतो. म्हणून आधी आत डोकावून बघणं, जळल्याचा वास येतो का पाहणं, हे दांडा आल्याने टळत नाही. आणि बसवतानाचा धोका तर बहुतेक ओढणाऱ्या अवजारांच्या विचारातच नसतो. घराच्या बाजूला शॉर्ट असेल आणि तसाच मीटर ढकलला, तर पूर्ण दोषप्रवाह त्या पात्याच्या टोकावर, अर्ध्या बसलेल्या स्थितीत येतो. आधी जाणाऱ्या बाजूचे चिमटे टेस्टरने तपासणं हाच उपाय आहे. तेवढीच दोन मिनिटं, आणि घाईत पहिली कापली जातात तीही तीच.

दुसऱ्या, टर्मिनलवाल्या रचनेचे लोक इथे मनातल्या मनात म्हणत असतील, आमच्याकडे हे नाहीच, आम्ही आधी कटआउटचा, म्हणजे मीटरच्या आधीच्या फ्यूजपेटीचा, फ्यूज काढतो आणि मग मेलेल्या मीटरवर काम करतो. तत्त्व उत्तम आहे. पण तो फ्यूज कोण काढतं, कशाने? जुन्या कटआउटचा फ्यूजधारक ठिसूळ झालेला असतो, काही जुन्यांत ॲस्बेस्टॉस असतं, काहींचं कवच लोखंडी असतं, आणि धारक ओढताना मधूनच तुटला तर उरलेला अर्धा भाग जिवंत तोंडात अडकून राहतो. मीटर निर्जीव करण्यासाठी जे ओढायचं तेच जिवंत असतं. रचना कुठलीही घ्या, साखळीत कुठेतरी एका माणसाचा हात एक जिवंत वस्तू ओढतोच. रचनाकाराच्या कागदावर तो हात दाखवलेला नसतो.

खरंतर सुरुवातीला होता. एडिसनच्या कंपनीचा १८८० च्या दशकातला मीटर रासायनिक होता. जस्ताच्या पट्ट्या द्रावणात बुडवलेल्या, प्रवाहानुसार एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जायचं, आणि दर महिन्याला माणूस येऊन पट्ट्या काढून नेऊन तोलायचा. आज हसू येईल. पण त्या मीटरमध्ये मुख्य प्रवाह शंटमधून, म्हणजे समांतर जोडलेल्या कमी रोधाच्या वाटेने, जायचा आणि पट्ट्यांतून त्याचा अगदी लहानसा वाटा, त्यामुळे पट्ट्या काढताना घराचा प्रवाह हातात यायचा नाही. दर महिन्याला काढायचंच आहे म्हटल्यावर काढणं सोपं ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुढे तबकडी फिरणारे मीटर आले, डोळ्यांनी वाचता येऊ लागले, आणि मीटर ही एकदा बसवून विसरायची वस्तू झाली. विसरायची वस्तू काढायची कशी, याचा विचार कोण करणार?

आता ती विसरता येत नाही. इटलीत २००१ ते २००६ या काळात सुमारे ३ कोटी जुने मीटर काढून दूरवाचनाचे मीटर बसवले गेले. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशाने, जिथे हिशेब फायद्याचा ठरेल तिथे २०२० पर्यंत ८० टक्के ग्राहकांना असे मीटर देण्याचं लक्ष्य ठेवलं. नुसता आकडा घ्या. एक माणूस दिवसाला १० मीटर बदलतो आणि वर्षाला २५० दिवस काम करतो असं धरलं, तर ३ कोटी मीटर म्हणजे १२,००० माणसांचं एक वर्षाचं काम. समजा लाखात एकदाच कुणाचा हात चुकतो. तरी ३०० माणसांसमोर आर्क पेटली. हा आकडा मी केवळ उदाहरणासाठी धरला आहे, प्रत्यक्षात तो काय असेल ते जागेनुसार बदलेल. पण तीस वर्षांत एकदा होणारं काम जेव्हा दिवसाला दहादा होतं, तेव्हा "जरा जपून" ही सूचना अपुरी पडते एवढं त्यातून दिसतं. शिवाय अशा मोहिमेत काम नगावर दिलं की दहाचे चौदा होतात. जपण्याला नगात जागा नसते.

या चर्चेत पहिलं उत्तर येतं ते हातमोज्यांचं. मोजे दिलेत की. दिलेले असतात, हे खरं. १,००० व्होल्टपर्यंतचे शून्य वर्गाचे रबरी मोजे, त्यांना टोचू-फाटू नये म्हणून वरून चामड्याचे. एकदा ते घालून टर्मिनलचा स्क्रू आवळून बघावा. बोटाच्या टोकाला स्क्रूचं डोकं कळत नाही. स्क्रू-ड्रायव्हर खाचेत बसला की नाही हे नजरेने बघायला मान आत घालावी लागते, म्हणजे जो चेहरा दूर ठेवायचा तोच पुढे येतो. स्क्रू सुटा असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वेढ्याला हातातून निसटतो आणि पेटीच्या तळाशी जातो, कधी दोन टर्मिनलच्या मधे जाऊन बसतो. मग माणूस काय करतो? उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढतो आणि बोटं आत घालतो. अपघात झालाच, तर अहवालात लिहिलं जातं की कामगाराने मोजा घातला नव्हता. वाक्य खरंच असतं. स्क्रू न सुटणारा, टर्मिनलमधेच अडकून राहणारा का नव्हता, त्याचं डोकं मोज्यातल्या बोटांना सापडेल एवढं मोठं का नव्हतं, ते कुणी लिहीत नाही, कारण मीटर काही दोषी म्हणून उभा केलेला नसतो.

अवजारांच्या बाबतीत गोष्ट थोडी बरी आहे, निदान कागदावर. जिवंत कामाच्या हातअवजारांसाठी आयईसी ६०९०० हे मानक आहे. १,००० व्होल्टपर्यंतच्या कामासाठी असलेलं अवजार त्यात १०,००० व्होल्टला तपासतात, त्याआधी ते पाण्यात ठेवतात, थंडीत आदळून बघतात, आवरण सोलून निघतं का तेही बघतात. पास झालं की त्यावर दोन त्रिकोणांची खूण आणि १,००० व्होल्ट असा शिक्का. पकडीच्या दांड्यावर मऊ प्लास्टिक चढवलं म्हणजे ती विद्युतरोधक झाली असं नाही, ते नुसतं हाताला बरं लागावं म्हणून असतं. आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या दांडीला गुंडाळलेली काळी टेप ही तर फक्त मनाची समजूत. तरी ती टेप मला दर दुसऱ्या पिशवीत दिसते. त्या माणसाला दांडी झाकायची गरज कळलेली आहे, झाकलेली दांडी कुणी त्याला दिलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मानकात आणखी एक बारकावा आहे. वरून आवरण चढवलेलं धातूचं अवजार वेगळं आणि मुळातच रोधक पदार्थाचं घडवलेलं अवजार वेगळं. पहिलं हाताला शॉकपासून वाचवतं, पण त्याचं उघडं टोक दोन फेजांच्या मधे अडकलं तर शॉर्ट करतंच. दुसरं दोन्हीपासून वाचवतं, पण जोर कमी सोसतं. मीटरच्या पेटीत, जिथे टर्मिनल जवळजवळ असतात, तिथे कुठलं कुठे चालेल हे मीटरची रचना बघून ठरवायला हवं. म्हणजे पुन्हा तेच, मीटर आणि अवजार एकत्र बघायला हवं. आज मीटर एक विभाग घेतो, अवजारं दुसरा विभाग घेतो किंवा कुणीच घेत नाही, आणि दोन्ही एकमेकांना पहिल्यांदा भेटतात ती भिंतीपाशी.

यावर गंभीर आक्षेप एकच आहे, आणि तो सुरक्षेच्या बाजूनेच येतो. तो असा: चांगलं अवजार दिलंत की तुम्ही जिवंत कामाला मान्यता देता. धोका नियंत्रणाच्या उतरंडीत धोका काढून टाकणं सर्वात वर असतं, मोजे-चष्मे सर्वात खाली. मग वीज बंद करून काम करा असं न म्हणता जिवंत कामाची अवजारं सुधारत बसणं म्हणजे उतरंड उलटी करणं झालं. या आक्षेपात तथ्य आहे. जिथे वीज बंद करता येते तिथे ती बंदच केली पाहिजे, आणि लांब दांड्याचं अवजार आहे म्हणून फ्यूज काढायचा कंटाळा करणारा माणूस मीही पाहिला आहे.

पण पाती-चिमट्याच्या रचनेत येणारी बाजू मारायची तर ट्रान्सफॉर्मर बंद करावा लागतो आणि शेजारची घरंही अंधारात जातात. कुठलीही वितरण संस्था रोज दहा मीटरसाठी हे करत नाही. "वीज बंद करा" हा नियम भिंतीवर लावून "वीज चालू ठेवा" असा हुकूम तोंडी देणं, यात नियम लिहिणाऱ्याची सोय होते, काम करणाऱ्याची नाही. शिवाय वीज बंद आहे हे कळायलाही अवजारच लागतं. टेस्टर आधी जिवंत जागी लावून तो चालतो ना हे बघायचं, मग मीटरवर लावायचं, मग परत जिवंत जागी. तिन्ही पायऱ्या झाल्याशिवाय "मेलं" म्हणायचं नाही. मीटरची जागा यंत्रणेच्या अगदी तोंडाशी, म्हणजे मोजणारं साधन चौथ्या वर्गाचं (कॅट ४) हवं, तोंडाशी येणारा तडाखा सोसणारं. ब्रिटनच्या आरोग्य-सुरक्षा खात्याची सूचना आहे की टेस्टरच्या काडीचं उघडं टोक ४ मिलिमीटरहून जास्त नको, शक्य तर २. एवढ्याशा टोकाचा विचार कुणीतरी केला, कारण लांब टोक दोन टर्मिनलना एकदम शिवलेलं कुणीतरी पाहिलं होतं. मीटर ओढण्याच्या बाबतीत तेवढा बारीक विचार व्हायला काय हरकत आहे?

स्मार्ट मीटरने हा प्रश्न सुटेल असंही सांगितलं जातं. त्यात दुरून उघडता येणारा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, असतो. तो उघडला की घराचा भार सुटतो आणि मीटर काढताना पात्यावर भाराची ठिणगी पडत नाही. हा फायदा खरा आहे, मोठा आहे. पण रिलेचा संपर्क वितळून चिकटलेला असू शकतो, म्हणून क्लॅम्प लावून प्रवाह खरंच शून्य आहे का ते बघावंच लागतं. येणारी बाजू रिले उघडूनही जिवंतच राहते. आणि आता घरांवर सोलर आहे, इन्व्हर्टर आहे, जनरेटर आहे. जाणारी बाजूसुद्धा उलट दिशेने जिवंत असू शकते. पूर्वी एका बाजूला पाठ करून काम करता यायचं, आता दोन्हीकडे तोंड हवं.

इतका वेळ मी कामगाराविषयी बोललो. ज्यांना हा कामगारांचा घरगुती प्रश्न वाटतो त्यांच्यासाठी आवळण्याची गोष्ट सांगतो. टर्मिनलचा स्क्रू किती आवळायचा हे मीटर बनवणारा टॉर्कच्या, म्हणजे पिळण्याच्या जोराच्या, आकड्यात देतो. तो आकडा हाताला कळत नाही. जुना माणूस म्हणेल मला कळतो. पण संध्याकाळी चौदाव्या मीटरला, मोजा घालून, डोक्याच्या वर हात करून तो आकडा कळत नाही, हे तोही मान्य करील. सैल राहिलेल्या जोडात १० मिलिओहम रोध आला आणि त्यातून १०० अँपिअर गेले, तर त्या एका स्क्रूपाशी १०० वॉट उष्णता तयार होते. ५० अँपिअरला २५ वॉट. तापलेलं सोल्डरिंग आयर्न मीटरच्या प्लास्टिकच्या पेटीत रोज काही तास ठेवल्यासारखं. प्लास्टिक करपतं, तांबं काळवंडतं, रोध आणखी वाढतो, उष्णता आणखी वाढते. ब्रेकर काही करत नाही, कारण प्रवाह जास्त नाहीच. चिमट्यांच्या रचनेतही तेच, फक्त तिथे स्क्रूऐवजी थकलेली स्प्रिंग असते. जुन्या सैल चिमट्यात नवा मीटर ढकलला की काही महिन्यांनी तो जळतो, आणि लोक म्हणतात नवा मीटर खराब. चिमट्याची पकड मोजायची साधनं आहेत, टॉर्कचा विद्युतरोधक स्क्रू-ड्रायव्हर आहे, ठरलेल्या आकड्याला तो टक् करून सुटतो. ही साधनं न देणं म्हणजे घरमालकाच्या भिंतीवर अर्धवट काम सोडून जाणं.

न्यूट्रलचंही तसंच. तीन-फेज मीटर काढताना न्यूट्रल शेवटी सोडायचा, बसवताना आधी जोडायचा. भार चालू असताना न्यूट्रल आधी सुटला तर एका फेजवरच्या उपकरणांवर २३० ऐवजी ४०० च्या जवळपास व्होल्ट येऊ शकतात, आणि मीटरवाला निघून गेल्यावर घरातला टीव्ही का गेला ते कुणालाच कळत नाही. हा क्रम आज माणसाच्या स्मरणावर सोडलेला आहे. तो टर्मिनलच्या झाकणाच्या रचनेतच घालता येईल, न्यूट्रल सर्वांत खोल, शेवटी हाताला लागेल असा. खर्च साच्याचा, एकदाच.

मग नियम काय हवा? मीटरच्या निविदेत अचूकतेचा वर्ग असतो, धूळ-पाण्याचा दर्जा असतो, संवादाची प्रणाली असते. त्यातच एक भाग काढण्या-बसवण्याचा असावा: कुठल्या अवजाराने, कुठल्या मोज्यात, किती वेळा काढ-घाल केल्यावर चिमट्याची किंवा स्क्रूची पकड किती उरली. अवजार मीटरसोबत यावं, ते संस्थेचं असावं, त्याला क्रमांक असावा आणि तपासणीची तारीख. खळगा पडलेली पक्कड परत केली तर काही न विचारता दुसरी मिळावी. हे "न विचारता" फार महत्त्वाचं, कारण चौकशी लागणार असेल तर पक्कड कुणी परत करत नाही, पिशवीतच राहते. रबरी मोज्यांची ठरावीक महिन्यांनी परत विद्युत चाचणी करण्याची पद्धत या धंद्यात जुनी आहे, तीच शिस्त अवजारांना लावायला नवं काही शोधायला नको. आणि पेटी संशयास्पद दिसली म्हणून मीटर न बदलता परत आलेल्या माणसाचा तो नग धरला जावा. अमेरिकेत ओशा या कामगार-सुरक्षा खात्याने २०१४ साली वीज कामगारांचे नियम बदलले, तेव्हा कामाच्या जागी आर्कची उष्णता किती असेल याचा अंदाज आधी बांधणं मालकावर टाकलं. कामगाराने डोळ्यांनी ताडायचं नाही, मालकाने हिशेब करायचा. अवजारालाही हाच न्याय का नको?

निविदा मंजूर होण्याआधी नमुन्याचे मीटर तपासायला येतात. ते टेबलावर ठेवले जातात, उजेड चांगला असतो, खुर्ची असते. त्याऐवजी एक नमुना गुडघ्याच्या उंचीवर, कोपऱ्यात, भिंतीला लागून असलेल्या पेटीत बसवावा आणि दुसरा डोक्याच्या वर. वीज जोडू नये, तेवढी गरज नाही. ज्यांची मंजुरीवर सही होणार आहे त्यांनी शून्य वर्गाचे रबरी मोजे, वर चामड्याचे, चेहऱ्यावर ढाल असा जामानिमा करून दोन्ही मीटर एकदा काढून परत बसवावेत, सोबत आलेल्याच अवजाराने. बाजूला एकाने घड्याळ घेऊन उभं राहावं आणि किती स्क्रू खाली पडले तेवढे मोजावेत.